मुलाम्याखाली काय आहे: एका सोनेरी प्रतिकृती घड्याळाच्या तपासणीच्या नोंदी

३ एप्रिल २०२५, पुणे

गुढीपाडव्यानंतर चौथ्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ माझ्या घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेले घड्याळ काउंटरवर ठेवले. रोलेक्स डे-डेटची ही ३६ मिलिमीटरची प्रतिकृती आहे. ती अस्सल नाही, हे त्यांना घेतानाच ठाऊक होते आणि त्यांनी ते आढेवेढे न घेता सांगितले. विक्रेत्याने मात्र 'आतून स्टील आणि वरून १८ कॅरेटचा २० मायक्रॉन मुलामा' (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे सांगून त्यांच्याकडून बऱ्यापैकी रक्कम घेतली होती. पाच महिने वापरल्यावर पट्ट्याच्या खटक्याजवळ रंग उतरू लागला, उन्हाळा सुरू होताच मनगटावर लाल चट्टा उठून खाज सुटू लागली, आणि घड्याळ रोज दीड मिनिट पुढे जाऊ लागले. त्यांचा प्रश्न सरळ होता: हे घड्याळ नेमके कोणत्या दर्जाचे आहे आणि त्याच्यावर आणखी खर्च करावा का?

'नकली आहे, फेकून द्या' असे सांगणे सोपे होते. पण मुलाम्याच्या घड्याळाचा दर्जा म्हणजे काय, हे मोजून आणि लिहून ठेवण्याची माझी बरेच दिवसांची इच्छा होती. मालकांनी लेखी परवानगी दिली. मनगट बारीक असल्याने काढून ठेवलेल्या पट्ट्याच्या पाच जादा कड्याही त्यांनी मला दिल्या आणि त्या कापल्या, घासल्या किंवा आम्लात टाकल्या तरी चालेल असे सांगितले. या पाच कड्या हाती नसत्या, तर पुढचे बहुतेक काम झालेच नसते.

त्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजावून सांगितली. अस्सल डे-डेट १९५६ साली बाजारात आले आणि तेव्हापासून ते फक्त सोन्यात किंवा प्लॅटिनममध्येच बनते. स्टीलचे नाही आणि मुलाम्याचेही नाही. म्हणजे मुलाम्याचे डे-डेट ही वस्तूच मुळात अस्तित्वात नाही. त्यामुळे या तपासणीत 'अस्सलच्या किती जवळ' हे विचारण्यात अर्थ नाही. मुलाम्याचे घड्याळ म्हणून ते किती प्रामाणिकपणे बनवले आहे, एवढेच विचारता येते.

४ एप्रिल

आज घड्याळ न उघडता दहापट भिंगाखाली पाहिले.

लांबून छाप चांगली पडते. तबकडीवरचा सोनेरी किरणांचा पोत एकसारखा आहे, बाराच्या ठिकाणी वाराचे नाव पूर्ण अक्षरांत आहे, तीनच्या ठिकाणी तारीख आहे. भिंग लावले की मात्र एकेक गोष्ट सुटी होत जाते. तबकडीवरच्या छपाईची अक्षरे कडेला किंचित पसरलेली आहेत. वाराची चकती खिडकीत मध्यावर बसत नाही आणि गुरुवारपेक्षा शुक्रवार जास्त तिरका दिसतो. तारखेवरचे भिंग अस्सल घड्याळात अडीच पट मोठे दाखवते. इथे आकड्याची उंची भिंगातून आणि भिंगाबाहेरून मोजली, तेव्हा ती दीड पटीच्या आसपासच निघाली.

सर्वांत बोलकी जागा बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची आहे. अस्सल घड्याळात बेझलच्या खाचा घन सोन्यात धारदार कापलेल्या असतात आणि प्रत्येक कड प्रकाशाची एकच बारीक रेघ परत पाठवते. इथे खाचांचे माथे गोलसर आहेत. आधी धातूत दाबून आकार काढला, मग त्याला चकाकी दिली आणि मग मुलामा चढवला, असे ते दिसते. खाचांच्या तळाशी रंग फिका आहे. हे का होते, ते पुढे जाडी मोजताना लिहीन.

रंगाचीही एक नोंद. केसचा पिवळा आणि पट्ट्याचा पिवळा एक नाही. पट्टा किंचित हिरवट झाकेचा आहे. घड्याळाच्या धंद्यात सोन्याच्या छटांना २एन, ३एन, ४एन, ५एन अशी ठरलेली नावे आहेत. एकाच घड्याळाचे दोन भाग वेगवेगळ्या टाक्यांत बुडवले, किंवा त्याच टाकीतले द्रावण जुने झाल्यावर बुडवले, की छटा जुळत नाहीत. केस एका कारखान्यातून आणि पट्टा दुसऱ्याकडून आला असावा, असा माझा अंदाज आहे.

खटक्याच्या आतल्या बाजूला '७५०' (हजारात ७५० भाग सोने, म्हणजे १८ कॅरेट) आणि सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याची खूण आहे. स्वित्झर्लंडच्या अधिकृत तपासणीची ही खूण १९९५ पासून वापरात आहे. ती ठशाने ठोकलेली असेल, तर कडेला धातू थोडा वर आलेला दिसतो. इथली खूण लेझरने वरवर जाळलेली आहे, आणि जळालेल्या रेषांच्या तळाशी धातू पांढरा दिसतो. घन सोन्याची म्हणून जी खूण कोरली, तिनेच खालचे स्टील उघडे पाडले आहे.

६ एप्रिल

वजन आणि घनता. पूर्ण घड्याळ ९६.४ ग्रॅम भरले. केवळ वजनावरून काही ठरत नाही, म्हणून पट्टा काढून हवेत आणि पाण्यात तोलला.

हवेत ४४.६२ ग्रॅम. पाण्यात टांगल्यावर पहिल्या वेळी ६.०३ ग्रॅमची घट दिसली, म्हणजे घनता ७.४ आली. हा आकडा स्टीलच्या आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या मधला असल्याने मला पटेना. पट्टा पाण्यातच उलटा करून पाहिला, तेव्हा कड्यांच्या सांध्यांत हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले दिसले. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, मऊ ब्रशने प्रत्येक सांधा पाण्याखालीच घासला आणि पुन्हा तोलले. आता घट ५.६४ ग्रॅम आणि घनता ७.९. पितळ ८.४ च्या वर असते, घड्याळाच्या केससाठी वापरले जाणारे ३१६एल स्टील सुमारे ८. पट्टा स्टीलचा आहे, आणि विक्रेत्याचे निदान एक वाक्य खरे निघाले.

याच आकारमानाचा पट्टा १८ कॅरेट पिवळ्या सोन्याचा असता, तर घनता साडेपंधराच्या घरात धरून त्याचे वजन ८७ ग्रॅम भरले असते. अस्सल सोन्याचे घड्याळ पहिल्यांदा हातात घेणारा माणूस त्या वजनानेच चमकतो. या घड्याळात ते वजन आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

७ एप्रिल

काच. हिरे तपासण्याच्या उष्णतेच्या सुईने पाहिले, तर काच नीलमणी स्फटिकाची आहे. साध्या खनिज काचेवर सुई हलत नाही, इथे ती हलली. तारखेवरचे भिंग मात्र साध्या काचेचे असून वरून चिकटवले आहे. कृत्रिम नीलमणी बनवण्याची व्हर्न्यूई पद्धत १९०२ पासून जगाला ठाऊक आहे आणि आज असा स्फटिक महाग राहिलेला नाही, त्यामुळे यात आश्चर्य नाही. तरी जे चांगले आहे ते चांगले म्हणून लिहिले पाहिजे: काच टिकाऊ आहे.

९ एप्रिल

मागचे झाकण उघडले. आट्यांत सोनेरी कीस अडकला होता. म्हणजे झाकण मुलाम्यानंतर बसवले आणि आटे पिरगळताना मुलामा सोलून आत पडला. हा कीस मशीनमध्ये गेला की दातांच्या चाकांत जाऊन बसतो. दोन कण मी चिमट्याने ऑटोमॅटिकच्या रोटरखालून, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून चावी भरणाऱ्या वजनाखालून काढले.

मशीनवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मांडणी मियोटाच्या ८२०० मालिकेची आहे, म्हणजे सिटिझनच्या मशीनवरून घेतलेली. ताशी २१,६०० ठोके, सेकंदाला सहा. अस्सल डे-डेट सेकंदाला आठ ठोके देते, म्हणून तिथे सेकंद काटा अधिक सलग सरकतो. इथे आणखी एक खूण आहे. या मांडणीत सेकंद काट्याला चाकांच्या मुख्य साखळीतून थेट चालना मिळत नाही, त्यामुळे मनगटाला झटका बसला की काटा क्षणभर थबकतो आणि मग उडी घेतो. मालकांनी 'काटा मध्येच अडखळतो' अशी तक्रार केली होती. तो बिघाड नसून त्या मांडणीचा स्वभाव आहे. अस्सल मियोटातही तो दिसतो.

टायमिंग मशीनवर तबकडी वर ठेवून दिवसाला ९४ सेकंद पुढे, आंदोलन (ताल राखणाऱ्या बॅलन्स चाकाचा झोका) २४६ अंश, ठोक्यांतील तफावत १.१ मिलिसेकंद. ९४ सेकंद ऐकून मालकांना मशीन निकामी वाटले होते, पण होकायंत्राची सुई घड्याळाजवळ हलताच कारण कळले. बॅलन्सच्या हेअरस्प्रिंगला, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आले होते, तिचे वेटोळे एकमेकांना चिकटून जणू आखूड झाले होते आणि बॅलन्स घाईने हलत होता. डीमॅग्नेटायझरवरून एकदा काढल्यावर घड्याळ दिवसाला १८ सेकंद पुढे एवढ्यावर आले. मियोटा आपल्या या मालिकेसाठी उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी मुभा जाहीर करते, तेव्हा हा आकडा त्यात बसतो. चावी खाली धरल्यावर आंदोलन २१४ अंशांपर्यंत पडते, ते मला आवडले नाही. खडे पाहिले, तर तेल जवळपास नाही आणि एस्केपमेंटच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या भागाच्या, दातांवर कोरडी चकाकी आहे.

मशीनबद्दल माझे मत असे: ते साधे आहे, दुरुस्त होण्याजोगे आहे आणि स्वच्छ करून तेल घातले तर पाच-सात वर्षे चालेल. घड्याळाचा हा भाग लाज वाटावी असा नाही. लपवाछपवी आहे ती फक्त रोटरवर कोरलेल्या मुकुटात, म्हणजे रोलेक्सच्या खुणेत.

१० एप्रिल

मशीन बाहेर असल्यामुळे रिकामी केस दाब-परीक्षेच्या भांड्यात ठेवली. ३ बारच्या दाबाला दबलेली केस पहिल्या काही सेकंदांतच पूर्ववत झाली, म्हणजे हवा आत शिरली. गळती चावीच्या नळीतून आहे; आतली रबरी रिंग कडक होऊन चपटी झाली आहे. तबकडीवर १०० मीटर लिहिले नसले, तरी अस्सल घड्याळ १०० मीटरपर्यंत जलरोधक असल्याने मालक हात धुताना ते काढत नसत. घड्याळ परत मिळाले तरी पाण्यापासून जपा, असे त्यांना आजच फोन करून सांगितले.

११ एप्रिल

सोन्याच्या कामासाठी सोन्या मारुती चौकाजवळच्या एका ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांच्याकडे कसोटीचा दगडही आहे आणि एक्स-रे यंत्रही. आधी दगड लावू, असे तेच म्हणाले.

पाचांपैकी पहिली कडी दगडावर एकदा ओढली: रेघ पिवळी. त्याच जागेवर दुसऱ्यांदा ओढली: रेघ पिवळट पांढरी. तिसऱ्यांदा ओढली: रेघ राखाडी. तीन ओढींत सोने संपले. दोन्ही टोकांवर तेजाबाचा थेंब टाकला, तेव्हा पिवळा भाग तग धरून राहिला, पांढऱ्या भागाने हिरवट झाक दाखवून तो विरला. हिरवट झाक म्हणजे निकेल. सराफांनी दगड तेलाने पुसला आणि 'पाणी दिलंय, बाकी काही नाही' असे म्हणाले. २० मायक्रॉन मुलामा असता, तर दगडावर वीस-पंचवीस ओढी घेऊनही रेघ पिवळीच राहिली असती, असा त्यांचा हाताचा अनुभव आहे.

मग यंत्र. पडद्यावर आकडा आला: सोने ३१ टक्के, ७.४ कॅरेट. हा आकडा कोणी घेऊन बसला तर त्याची दिशाभूल होईल, म्हणून मी तो इथे मुद्दाम स्पष्ट करतो. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचे हे यंत्र समोरची वस्तू आतबाहेर एकाच धातूची आहे असे धरून चालते. मुलाम्याच्या वस्तूत एक्स-किरण पातळ सोन्यातून आरपार जाऊन खालच्या निकेलला आणि स्टीलला भिडतात आणि सर्वांची मिळून टक्केवारी येते. ही कडी ७.४ कॅरेटची नाही. तिच्यावर थोडेसे चांगले सोने आहे आणि खाली पुष्कळ दुसरे काही आहे. त्या पडद्यावरच्या लोह, क्रोमियम आणि निकेलच्या रेषांनीच खरी माहिती दिली.

भारतात सोन्याच्या दागिन्यांना १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण घड्याळे त्या सक्तीतून वगळलेली आहेत. त्यामुळे घड्याळावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरांचा ओळखक्रमांक, नाही म्हणून ते खोटे आणि '७५०' आहे म्हणून ते खरे, असे दोन्हीही म्हणता येत नाही. ग्राहकाला कोणत्याच खुणेचा आधार उरत नाही. धातूच तपासावा लागतो.

१५ एप्रिल

मुलाम्याचे काम करणाऱ्या एका कारखान्यात जाडी मोजण्याची सोय असलेले एक्स-रे यंत्र आहे. त्यात थरांचा क्रम आधी सांगावा लागतो: स्टील, त्यावर निकेल, त्यावर सोने. मग ते प्रत्येक थराची जाडी वेगळी काढते. घड्याळाच्या अकरा जागा मोजल्या.

केसच्या सपाट कुशीवर सोने ०.४२ मायक्रॉन. बेझलच्या खाचांच्या माथ्यावर ०.६, तळाशी ०.२. पट्ट्याच्या कड्यांच्या वरच्या बाजूला ०.४ च्या आसपास, सांध्यांच्या आत ०.१५. खटक्याच्या ज्या जागी रंग उतरला होता तिथे शून्य. सगळ्यांची सरासरी काढली तरी ती अर्ध्या मायक्रॉनपर्यंत पोहोचत नाही. ०.४ धरले, तर सांगितलेल्या २० मायक्रॉनचा हा पन्नासावा भाग आहे.

बेझलच्या तळाशी रंग फिका का दिसत होता, ते इथे उलगडले. विजेच्या मुलाम्यात प्रवाह टोकांकडे आणि कडांकडे धावतो, खोलगट जागांना कमी मिळतो, आणि जिथे प्रवाह कमी तिथे सोने कमी बसते. चांगला कारागीर वस्तू टाकीत फिरवत ठेवतो, प्रवाह मंद ठेवतो, वेळ देतो. घाई केली की माथे सोनेरी होतात आणि तळ उपाशी राहतात.

मग एक हिशेब केला. केस आणि पट्टा मिळून मुलामा दिलेले क्षेत्रफळ मी ढोबळमानाने ७५ चौरस सेंटिमीटर धरले. त्यावर सर्वत्र ०.४ मायक्रॉन सोने आहे असे उदारपणे मानले, तरी सोन्याचे घनफळ ०.००३ घन सेंटिमीटर आणि शुद्ध सोन्याच्या घनतेने वजन सुमारे ५८ मिलिग्रॅम होते. एक तोळा म्हणजे ९६ गुंजा, एक गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. पूर्ण घड्याळावर मिळून अर्धी गुंज सोने आहे. २० मायक्रॉनचा शब्द पाळला असता, तर याच शुद्ध सोन्याच्या हिशेबाने तिथे जवळपास तीन ग्रॅम, म्हणजे पाव तोळा सोने लागले असते. दोन्हींतला फरक मालकांच्या खिशातून गेला आहे.

१८ एप्रिल

वडिलांची एचएमटी सोना कपाटातून काढली. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला उभा राहिला आणि त्यांच्या घड्याळांत 'सोना' हे चावी देण्याचे, सडपातळ, सोनेरी मुलाम्याचे मॉडेल होते. वडिलांनी ते कित्येक वर्षे रोज वापरले. पट्टा अडकवायच्या पायांच्या टोकांवर पितळ उघडे पडले आहे, मागे मनगटाला टेकणारा भाग स्टीलचा आहे, पण पुढचा गोल भाग आजही अखंड पिवळा आहे. मुलाम्याचे घड्याळ म्हणून विकलेले मुलाम्याचे घड्याळ असे वय सोसते. सोन्याचा मुलामा हा कमी दर्जाचा मार्ग आहे, असे मला कधीच वाटले नाही आणि या तपासणीतही तो माझा निष्कर्ष नाही.

सोनाच्या रचनेतली एक बारीक गोष्ट मला आज नव्याने उमगली. तिचे मागचे झाकण मुलाम्याचे नाही, उघड्या स्टीलचे आहे. जो भाग घामाला चोवीस तास टेकतो, तिथे मुलामा टाळला आहे. समोरच्या प्रतिकृतीत मागचे झाकणसुद्धा सोनेरी आहे, आणि मालकांचा लाल चट्टा बरोबर त्या झाकणाएवढा आणि खटक्याएवढा आहे.

१९ एप्रिल

खाजेची तपासणी आज सुरू केली. कृत्रिम घाम बनवला: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम लॅक्टिक आम्ल, १ ग्रॅम युरिया, आणि अमोनियाचे थेंब टाकून आम्लतेचा आकडा (पीएच) ६.५ वर आणला. युरोपात दागिन्यांतून सुटणारे निकेल मोजण्यासाठी हेच मिश्रण वापरतात. तिथे त्वचेला टेकून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, अशी मर्यादा आहे.

तीन कड्या, तीन बाटल्या. एका कडीला हातही लावला नाही. दुसरीचे फक्त सोने घासून काढले आणि निकेल उघडे ठेवले. तिसरी स्टीलपर्यंत घासली. तिन्ही ३० अंशांच्या उबेत आठवडाभर राहतील. नेमके मायक्रोग्रॅम मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही. मी डायमिथाइलग्लायॉक्झाइमच्या कापसाने पुसून रंग पाहणार आहे. निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. हे मोजमाप नसून फक्त लक्षण आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

२६ एप्रिल

बाटल्या उघडल्या.

निव्वळ स्टीलची कडी: कापूस पांढरा. निकेल उघडे ठेवलेली कडी: कापूस सगळीकडे सारखा, मध्यम गुलाबी. हात न लावलेली, अखंड सोनेरी दिसणारी कडी: कापसावर ठिपके. बराचसा भाग पांढरा, पण मधे मधे टाचणीच्या टोकाएवढे गडद गुलाबी बिंदू. भिंगाखाली कडीवर त्याच जागी बारीक काळपट खड्डे दिसले आणि दोन ठिकाणी कडेने हिरवट साय धरली होती.

ही तीन बोळ्यांची रांग मी बराच वेळ पाहत बसलो, कारण घड्याळाच्या दर्जाचा खरा प्रश्न तिथे उघडा पडला होता. ३१६एल स्टीलमध्येही दहा टक्क्यांहून अधिक निकेल असते. पण ते स्टीलमध्ये बांधलेले असते आणि वर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो, म्हणून ते घामात फारसे सुटत नाही. मुलाम्याखालचा निकेलचा थर मात्र निव्वळ निकेल आहे, त्याला रोखणारे फक्त वरचे सोने. आणि सोने अर्धा मायक्रॉनही नसेल, तर तो थर सलग नसतोच. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. घाम त्या छिद्रांतून खाली उतरतो. सोने आणि निकेल या दोन धातूंमध्ये घामाचा थेंब आला की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. सोने गंजत नाही, सगळी झीज निकेलच्या वाट्याला येते. सोन्याचा पृष्ठभाग मोठा आणि उघड्या निकेलचा बिंदू इवलासा, म्हणून ती झीज त्या बिंदूवर एकवटते. पातळ मुलामा खालच्या धातूचे रक्षण करत नाही, उलट त्याला जास्त वेगाने पोखरतो. हेच घड्याळ मुलाम्याशिवाय, साध्या स्टीलचे ठेवले असते, तर मालकांच्या मनगटाला बहुधा काही झाले नसते.

निकेलचा थर देण्यामागे कारखान्याचे कारण असते, ते सांगणे न्यायाचे होईल. स्टीलवर तो ऑक्साइडचा पापुद्रा असल्यामुळे सोने थेट धरत नाही. म्हणून सहसा आधी आम्लयुक्त टाकीत निकेलचा एक झटपट थर देतात, मग त्यावर सोने बसते. निकेलऐवजी पॅलेडियम किंवा निकेलमुक्त कांस्य वापरता येते, पण खर्च वाढतो. किंवा निकेल ठेवून वर सोने इतके जाड द्यावे की छिद्रे बुजून जातील. दोन्हींपैकी काहीच केलेले नाही.

२९ एप्रिल

पाचवी कडी उभी कापली. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेत मित्राने मदत केली. कापण्याआधी तिच्यावर पुन्हा निकेलचा जाड थर चढवला, नाहीतर घासताना कडा गोल होतात आणि सोन्याचा थर वाहून जातो. मग रेझिनमध्ये गाडली, पॉलिश कागदांवर घासली आणि शेवटी एक मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टने चकाकवली.

हजारपट मोठे करून पाहिले. खाली करडे स्टील, त्यावर सुमारे ३ मायक्रॉनचा निकेलचा पट्टा, वर आम्ही दिलेले निकेल, आणि दोन्ही निकेलांच्या मधे केसाहून बारीक पिवळी रेघ. काही ठिकाणी ती रेघ तुटलेली आहे. त्याहून वाईट गोष्ट खाली दिसली: एका सांध्याजवळ निकेल आणि स्टील यांच्यामध्ये काळी फट होती. तिथे मुलाम्याने स्टीलला धरलेलेच नव्हते. आधीची धुलाई किंवा पहिला निकेलचा थर कमी पडला असणार. खटक्याजवळचा रंग झिजून गेला नव्हता, निकेलसकट पापुद्र्यासारखा सुटून निघाला होता.

यानंतर 'पुन्हा मुलामा द्यावा का' या प्रश्नाचे उत्तर ठरले. त्यावर कितीही चांगले सोने चढवले तरी खालची पकड सुधारत नाही. आधी जुने निकेल आणि सोने पूर्ण उतरवावे लागेल, बेझल आणि खाचा पुन्हा घासाव्या लागतील, आणि तेवढ्यात एक चांगले, स्वतःच्या नावाचे ऑटोमॅटिक घड्याळ येईल. शिवाय दुसऱ्याच्या नावाची खूण असलेली केस मी नव्याने सोनेरी करून देणार नाही, हे मी मालकांना पहिल्या दिवशीच सांगितले होते आणि त्यांनी ते मानले होते.

८ मे

अहवाल दोन पानांचा झाला. काच टिकाऊ, मशीन साधे पण दुरुस्तीयोग्य, पाण्यापासून संरक्षण नाही, केस आणि पट्ट्याचे स्टील बरे, मुलामा सांगितलेल्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याचा, सच्छिद्र, पकड कमकुवत, निकेल सोडणारा. मनगटावर घालू नये, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे निकेलची पॅच टेस्ट करून घ्यावी, असे स्पष्ट लिहिले. कोणी विकत मागितले तर देऊ नये, हेही लिहिले: खोटे व्यापारचिन्ह असलेली वस्तू विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा असून त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

संध्याकाळी मालक आले. त्यांनी सगळे शांतपणे वाचले आणि तीन बोळ्यांचा फोटो दोनदा पाहिला. मग उजव्या बाहीची घडी मागे सारून मनगट दाखवले. पाच आठवडे घड्याळ नसल्यामुळे चट्टा फिका पडला होता. मशीन काढून ठेवता येईल का, असे त्यांनी विचारले. येईल, कोऱ्या स्टीलच्या केसमध्ये आणि साध्या तबकडीखाली ते बसेल, तारखेची आणि वाराची खिडकी तेवढी जुळायला हवी. चामड्याचा पट्टा लावून देतो, असे मी सांगितले.

सोनेरी केस आणि पट्टा त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिले. केसमधून काढलेल्या तबकडीवरचे नाव मी त्यांच्यासमोरच खरवडून टाकले. रेझिनमधली कडी खणात ठेवली असून तिच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: सोने ०.४, निकेल ३, सांगितलेले २०.